तीन नंबरची खिडकी

आमच्या कार्यक्रमाच्या यादीत अठरावा भाग आहे, विसावा आहे, एकोणिसावा नाही. ऐकणारे अजूनही विचारतात, मधला कुठे गेला? दाढी त्यांना सांगतो, तांत्रिक अडचण. ती तांत्रिक अडचण म्हणजे मी. मीच तो भाग काढायला लावला, तोही तीन महिने उशिरा. ज्यांनी ज्यांनी ऐकायचा त्यांनी ऐकून, हसून, एकमेकांना पाठवून झाल्यावर. एवढं करून मला काही बरं वाटलं असेल, तर तसंही नाही.

आधी कार्यक्रम काय ते सांगते. ‘वेळेवर सुचेल ते’ नावाचा आमचा पॉडकास्ट. आम्ही तिघंच. दाढी सूत्रसंचालक, त्याचं खरं नाव त्याच्या आईलाही आठवावं लागत असेल. बटणबाई रेकॉर्डिंग करते, कमी बोलते, आणि तिच्या कानातून काही सुटत नाही. आणि मी सोंगं काढते. दर भागात गाणारा किंवा वाजवणारा एक पाहुणा येतो, तीन गोष्टी सादर करतो, आणि मधल्या वेळात मी कुणीतरी बनून आत घुसते. झोपेत चालणाऱ्यांच्या संघटनेची अध्यक्षा, निवृत्त भूत, जिन्यावर डूख धरून असलेली लिफ्ट. लिहिलेलं काहीच नसतं. कोण येणार हे पाहुण्याला माहीत नसतं, आणि खरं सांगायचं तर आत पाऊल टाकेपर्यंत मलाही नसतं.

आमची जागा म्हणजे एका लाँड्रीच्या वरची खोली. खाली मशिनं फिरू लागली की आमची जमीन हादरते, म्हणून लाँड्रीच्या सुट्टीच्या दिवशी, सोमवारी दुपारी, आमचं काम. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना ब्लँकेटं ठोकली आहेत. ती लाँड्रीवाल्यानंच दिली; लोकांनी धुवायला टाकलेली आणि परत न नेलेली. प्रत्येकाच्या कोपऱ्याला नंबराची चिठ्ठी अजून तशीच आहे. त्या चिठ्ठ्यांकडे बघता बघता एकदा मला तीन नंबरची खिडकी सुचली.

म्हणजे हरवले-सापडले खात्यातला कारकून. नाकात बोलणारा, जगात कशाचंही नवल न वाटणारा, हातात रबरी शिक्का घेतलेला. कुणी येऊन म्हणालं, साहेब, माझी झोप हरवली, की तो मान वर न करता विचारणार, “रंग? आकार? शेवटची कुठे पाहिलीत?” आणि शिक्का, ठप्प. आमच्याकडे बारा खुर्च्या आहेत, बारा माणसं ऐकायला बसतात. पहिल्याच दिवशी त्या ठप्पला बाराच्या बारा माणसं अशी हसली की मी घरी जाऊन तो शिक्का धुऊनपुसून उशाशी ठेवला. चेष्टा वाटेल, पण खरंच ठेवला.

एकोणिसाव्या भागाची पाहुणी गायिका होती. तिनं तीन दिवस आधी कळवलं की घसा गेला. दाढी डोक्याला हात लावून बसला. मी म्हटलं, माझा मामा आहे ना.

माझा मामा म्हणजे नाट्यगृहाच्या वाद्यवृंदातला क्लॅरिनेटवाला. चौतीस वर्षं दुसऱ्या रांगेत बसलेला. वडील लवकर गेले, तेव्हा माझ्या शाळेच्या प्रत्येक स्नेहसंमेलनाला आईबरोबर येऊन बसायचा तो हाच. मी रंगमंचावरून खच्चून ओरडायचे म्हणून त्यानं माझं नाव भोंगा ठेवलं, आणि मोठेपणी ओरडण्यालाच मी धंदा केल्यावर सगळ्यांत जास्त आनंद त्यालाच झाला. आता तो निवृत्तीला आला होता. त्यांच्या वाद्यवृंदात एक जुनी पद्धत आहे. जो निवृत्त होतो त्याची खुर्ची त्याच्या शेवटच्या कार्यक्रमात सगळ्यांच्या पुढे आणून ठेवतात, आणि तो आपल्या आवडीचा एक तुकडा वाजवतो. बाकीचे सगळे त्याला साथ करतात. निरोपाचा तुकडा म्हणतात त्याला. जन्मभर पुढच्या माणसाच्या टकलामागे बसलेल्यांना एकदा प्रेक्षकांचं तोंड दिसावं, एवढाच त्यातला हेतू असावा. मामाचा कार्यक्रम चार महिन्यांवर आला होता आणि तो लग्नाच्या तयारीला लागल्यासारखा त्या तयारीला लागला होता.

फोनवर तो आधी घाबरला. “अगं, मला विनोद कुठे करता येतो? मी कागदावर लिहिलेलं वाजवणारा माणूस.”

“तुला काही करायचं नाहीये, मामा. विचारलं की खरं उत्तर द्यायचं. आमच्या खेळाला एकच नियम आहे. समोरच्याला नाही म्हणायचं नाही, आणि तो पडतोय असं वाटलं की आपण खाली हात धरायचा. हसं झालंच तर आपलं होऊ द्यायचं, त्याचं नाही.”

“असं होय,” मामा म्हणाला. “मग आमच्यासारखंच आहे की. शेजारच्याचा श्वास संपत आला की आम्ही आपला सूर जरा लांबवतो. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही.”

“तेच ते,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामीचा फोन आला. मी घाईत होते, एका हातानं केस विंचरत होते. मामी हळू आवाजात बोलत होती. “ऐक. ह्यांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं थरथरतात. सहा महिने झाले. औषध चालू आहे. संथ असेल तर निभावतं, जलद आलं की बोटं भोकांवर बसत नाहीत. वाद्यवृंदात कुणाला माहीत नाही. निरोपाचा कार्यक्रम होईपर्यंत कळू द्यायचं नाहीये. तू फक्त एवढं बघ, जलद काही वाजवायची वेळ येऊ देऊ नकोस. आणि मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नकोस.”

“हो मामी. अजिबात काळजी करू नकोस,” मी म्हटलं. हे वाक्य मी किती सहज म्हटलं ते मला चांगलं आठवतं. कंगवा केसांत अडकला होता आणि माझं अर्धं लक्ष त्याच्यात होतं.

सोमवारी मामा चाळीस मिनिटं आधीच येऊन जिन्यात बसलेला. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटण लावलेलं. त्यानं पेटीतून क्लॅरिनेटचे पाच तुकडे काढले, एकमेकांत बसवले, आणि चष्म्याच्या जुन्या घरातून तोंडाशी बसवायची बोरूची पातळ पत्ती काढून खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. बटणबाईनं त्याला माइक कसा हवा ते विचारलं, तर तो म्हणाला, “तुम्हाला सोईचं असेल तसा.” बारा खुर्च्या भरल्या. दाढीनं ओळख करून दिली आणि मामानं पहिला तुकडा वाजवला. संथ होता. खोलीत कुणी खुर्चीही करकरवली नाही. मी ब्लँकेटाच्या पडद्यामागे उभी होते आणि मला माझ्या मामाचा फार अभिमान वाटला.

मग मी शिक्का घेऊन आत गेले.

“पुढचा!” मी नाकातून ओरडले. “काय हरवलं?”

मामानं खरोखर विचार केला. “चष्म्याचं घर,” तो म्हणाला. “पण ते सापडलं. त्यात मी पत्त्या ठेवतो.”

“मग तक्रार कशाची?”

“चष्म्याची. तो ठेवायला आता जागा राहिली नाही, म्हणून हरवला.”

बारा माणसं फुटली. ठप्प. मी म्हटलं, “आणखी काही?” मामा म्हणाला, “प्रेक्षक. चौतीस वर्षं तिथेच असतात म्हणे, मला दिसलेले नाहीत. मधे एक डोकं आहे.” ठप्प. दाढी टेबलावर डोकं टेकून हसत होता. मामाचा चेहरा लहान मुलासारखा खुलला. तो एकदा माझ्याकडे बघून हळूच हसला, जमतंय की मला, अशा अर्थानं. त्या दिवशी तिथेच थांबलो असतो तर तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला सोमवार ठरला असता.

मी पडद्यामागे गेले. दाढी म्हणाला, “आता काहीतरी पळतं होऊन जाऊ द्या! खोली हलली पाहिजे!”

दाढीला काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मामानं वळून पडद्याकडे पाहिलं. फटीतून मला त्याचे डोळे दिसत होते. माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. ‘कार्यालयात पळायला मनाई आहे.’ ठप्प. लोक हसले असते, दाढीनं माघार घेतली असती, मामानं दुसरा संथ तुकडा वाजवला असता, आणि कुणाच्या बापाला कळलं नसतं.

मी बोलले नाही. विसरले असं म्हणायची मला सोय नाही, मामीचं बोलणं शब्दन्‌शब्द कानात होतं. पण खोली तापली होती, लोक हसायच्या बेतात होते, आणि माझ्या मनात आलं, बघू तरी काय होतंय. या धंद्यात आम्हाला ही एक वाईट खोड लागते. काहीतरी बिघडणार असं दिसलं की आमच्या तोंडाला पाणी सुटतं.

मामा फार तर दोन क्षण थांबला असेल. मग त्यानं क्लॅरिनेट ओठांना लावलं. सुरुवात बरी झाली. मग बोटं घसरली आणि शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा एक सूर किंचाळला. मामा थांबला. बारा माणसांना हसावं की नाही ते कळेना.

आणि तेव्हा मी बाहेर आले.

“थांबा,” मी नाकातून म्हटलं. ठप्प. “एक सूर हरवला. रंग?”

छप्पर उडालं. मामा गोंधळला, पण त्याला नियम सांगितलेला होता: नाही म्हणायचं नाही, खरं उत्तर द्यायचं. “निळसर,” तो म्हणाला.

“शेवटचा कुठे पाहिलात?”

“मागच्या थंडीत. त्यानंतर कधी येतो, कधी येत नाही.”

“ओळख पटवायला पुन्हा वाजवून दाखवा.”

त्यानं पुन्हा वाजवलं. पुन्हा तोच सूर किंचाळला. ठप्प. “हा तो नव्हे. पुन्हा.” तिसऱ्यांदाही तेच. ठप्प. लोक पोट धरधरून हसत होते, एक बाई खुर्चीवरून खाली सरकली. आणि मग मी तो प्रश्न विचारला. अर्जावर साहजिक तोच पुढचा प्रश्न असतो, म्हणून विचारला. दुसरं काहीही कारण नव्हतं.

“हरवल्याचं घरी कळवलंत?”

“बायकोला माहीत आहे.”

“कामाच्या ठिकाणी?”

मामाचा उजवा हात मांडीवर होता आणि डाव्या हातानं त्यानं तो धरून ठेवला होता. “नाही,” तो म्हणाला. “तिथे अजून कळवलेलं नाही.”

ठप्प.

कार्यक्रम संपल्यावर लोकांनी मामाला घेरलं, हात मिळवले. त्यानं क्लॅरिनेटच्या नळीतून फडकं ओढून ओढून ती आतून पुसली, गरजेपेक्षा जास्त वेळ पुसली. जाताना मला म्हणाला, “मधेच थांबलो नाही मी. तुमचा नियम पाळला. ठीक झालं ना?”

“फार छान झालं, मामा.”

तो जिना उतरून गेल्यावर बटणबाईनं कानावरचे हेडफोन उतरवले. “त्यांच्या क्लॅरिनेटच्या चाव्यांची टकटक माइकवर आलीये,” ती म्हणाली. “वाजवत नव्हते तेव्हासुद्धा. हात थरथरतो ना त्यांचा? तो सगळा भाग कापते मी. तू हो म्हण, पाच मिनिटांचं काम आहे.”

दाढी तिकडून ओरडला, “कापतेस काय! सोनं आहे ते!”

बटणबाई माझ्याकडेच बघत होती. मी म्हटलं, “राहू दे.”

स्वतःची समजूत घालण्यात मी पटाईत आहे. मामाला मजा आली, मी म्हटलं. सगळ्यांना ते नाटकच वाटणार, मी म्हटलं. नाट्यगृहातले बुजुर्ग लोक कुठले पॉडकास्ट ऐकायला. पंधरा दिवसांत एकोणिसावा भाग आमच्या आधीच्या सगळ्या भागांपेक्षा जास्त ऐकला गेला. लोकांनी त्यातला तेवढाच तुकडा कापून फिरवला. किराणा दुकानात एक गृहस्थ बायकोला म्हणाले, “पिशवी हरवली? शेवटची कुठे पाहिलीत?” आणि दोघं हसली. मी त्यांच्या मागेच रांगेत उभी होते. मला सांगायला लाज वाटते, पण तेव्हा छाती फुगली होती माझी.

मामाला मात्र मी फोन केला नाही. आज करू, उद्या करू. मामीचाही आला नाही. फोन येत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असा सोईचा अर्थ मी लावला.

तीन महिन्यांनी, निरोपाचा कार्यक्रम जवळ आल्यावर, मी नाट्यगृहावर गेले. ठरवलं होतं की पहिल्या रांगेतली दोन तिकिटं काढायची, आईला घेऊन जायचं, आणि मामाला समोर बसून दाखवायचं, हे बघ, हे प्रेक्षक. तिकीटखिडकीवरच्या माणसाला मी तारीख सांगितली. त्यानं झटकन मान वर केली.

“थांबा, थांबा. हा आवाज... तीन नंबरची खिडकी ना तुम्ही? अहो, आमच्याकडे सगळे पाठ म्हणतात! एकदा म्हणा ना. एकदाच!”

माझ्या मागे पाचसहा माणसं होती. मी नाक दाबलं आणि म्हटलं, “रंग? शेवटचा कुठे पाहिलात?” रांग हसली. तिकीटवाला काउंटरवर हात आपटत हसला.

“क्लॅरिनेटवाल्यांच्या निरोपाची दोन द्या,” मी म्हटलं. “पुढची.”

त्याचं हसू ओसरलं. “तो कार्यक्रम आहे, पण आता साधाच आहे. निरोपाचं काढून टाकलं त्यातून. ते वाजवत नाहीत आता. खाली कागदांच्या खोलीत असतात.” मग त्याच्या काहीतरी लक्षात आलं असावं. तो माझ्यामागच्या रांगेकडे बघून म्हणाला, “पुढचे या.”

मी जिना उतरले. रंगमंचाच्या खाली एक अरुंद खोली होती, छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर सुरांच्या लिखाणाचे गठ्ठे. मामा टेबलाशी बसून जुन्या पानांवरच्या पेन्सिलीच्या खुणा खोडत होता. डाव्या हातानं. उजवा पानावर वजनासारखा ठेवलेला.

“भोंग्या!” त्याचा चेहरा उजळला. तेच मला सोसवेना. “वाट कशी सापडली तुला? बस, ते स्टूल ओढ.”

“इथे कधीपासून बसतोस?”

“दोन महिने झाले असतील. बरं आहे. थंड आहे, आणि वाद्यवृंदाचे प्रमुख इकडे फिरकत नाहीत.” त्यानं पान फुंकून खोडरबराचा चुरा उडवला. “बोलावलं होतं त्यांनी. रागावले नाहीत हं. म्हणाले, तुमचा कार्यक्रम ऐकला, फार हसलो. मग म्हणाले, तोच तुकडा इथे जरा वाजवता का?”

“वाजवलास?”

“वाजवला. तिथे शिक्का मारायला कुणी नव्हतं.”

तो हे चेष्टेत बोलला. मी हसावं अशी त्याची अपेक्षा होती. मला हसता आलं नाही तेव्हा तोच म्हणाला, “अगं, हात जायचा तो जाणारच होता. फक्त तेवढे चार महिने ढकलले असते मी. निरोपासाठी संथ तुकडा काढला होता. संथ जमतं मला अजून. घरी वाजवतो, मामी ऐकते.”

मी येताना काय काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. पण आता बोलले नाही तर पुन्हा कधीच बोलणार नाही, हे मला कळत होतं.

“मामा, मला माहीत होतं. आधीच. मामीनं फोन करून सांगितलं होतं, आणि तुला कळू देऊ नकोस म्हणाली होती. मला सगळं माहीत असून मी ते केलं. बटणबाई कापते म्हणाली, तर ते पण मी नको म्हटलं.”

मामानं खोडरबर खाली ठेवलं.

“माहीत आहे मला,” तो म्हणाला. “तिला फोन मीच करायला लावला होता. शेजारीच बसलो होतो मी. मला कळू देऊ नकोस असं म्हण, हेही मीच शिकवलं. तुझ्यासमोर मला उगाच कानकोंडं व्हायला नको म्हणून.”

“मग तू आलास कशाला?”

“तुला माहीत होतं म्हणूनच तर आलो. नाहीतर कोण येतंय?” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. एखादी वाट समजावून सांगावी तसा तो सांगत होता. “तू म्हणाली होतीस ना, समोरचा पडतोय असं वाटलं की खाली हात धरायचा. म्हटलं, भाची आहे तिथे, तिला ठाऊक आहे. तो दाढीवाला पळतं वाजवा म्हणाला तेव्हा मी बघितलं की तुझ्याकडे. म्हटलं, आता ही काहीतरी बोलेल.” त्यानं खोडरबर पुन्हा उचललं. “का नाही बोललीस गं?”

काहीही विचारा, मला उत्तर सुचतं. त्याच्यावरच माझं सगळं चाललेलं आहे. निवृत्त भुताला पेन्शन कोण देतं, लिफ्टला जिन्याचा राग का येतो, क्षणात सांगते. मामाच्या प्रश्नाचंही खरं उत्तर होतं, पण ते त्याच्या तोंडावर कसं सांगायचं? बघू तरी काय होतंय, असं वाटलं म्हणून?

दार ढकलून एक बाई आत आल्या. हातात क्लॅरिनेटची पेटी होती. मामाच्या शेजारी बसायच्या त्या, आता त्याच्या खुर्चीवर बसतात. “काका, दुसऱ्या अंकाची पानं मिळाली का?” त्यांनी मग माझ्याकडे पाहिलं, हसून मान हलवली आणि काकांचे पाहुणे म्हणजे आपलेच असं समजून बोलतच राहिल्या. “बघा ना, कुठे आणून बसवलंय ह्यांना. आम्ही सगळ्यांनी मिळून प्रमुखांना सांगितलं, एक संथ तुकडा वाजवू द्या, आम्ही सांभाळून घेतो. नाहीच ऐकलं. आणि तो कार्यक्रमवाला कारकून, नाकात बोलणारा! तो एकदा माझ्यासमोर यायला हवा. एका आजारी माणसाला तीन तीनदा वाजवायला लावतो आणि वर विचारतो, कामावर कळवलंत का. लाज कशी वाटत नाही माणसाला?” त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी ते पुसले आणि मला विचारलं, “तुम्ही कोण ह्यांच्या?”

मी तोंड उघडलं. एक शब्द बोलले असते तरी त्यांनी आवाज ओळखला असता. वरच्या तिकीटवाल्याला एका तारखेवरून कळलं होतं. आणि खरं म्हणजे बोलायलाच हवं होतं मी.

“माझी भाची,” मामा म्हणाला. त्याला ते सुचायला अर्धा क्षणही लागला नाही. “घसा बसलाय तिचा. बोलता येत नाहीये.”

“अरेरे,” त्या म्हणाल्या. त्यांनी पर्स उघडली, घशाची एक गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं मिटवली. “चघळा हळूहळू. दोन दिवस अजिबात बोलू नका.”

मामानं त्यांना हवी ती पानं दिली. त्या गेल्या. दार बंद झाल्यावरही तो माझ्याकडे बघत नव्हता. उजव्या हाताची दोन बोटं कागदावर थरथरत होती आणि त्यानं डावा हात त्यांच्यावर ठेवला. मी गोळी तोंडात टाकली. त्यानं अर्धा गठ्ठा माझ्यासमोर सरकवला.

“नंबरानं लाव,” तो म्हणाला. मी पानं लावायला घेतली.